गायरानावरचे गाजरगवत आणि मेक्सिकन भुंगे: जून ते नोव्हेंबरच्या नोंदी

४ जून

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातले कमी पावसाचे गाव. गाजरगवत खाणारे मेक्सिकन भुंगे सोडून ते गवत आटोक्यात आणायच्या कामासाठी तीन तुकडे धरले आहेत. पहिला गायरानाचा, अडीच एकर, मुरमाड आणि थोडा उताराचा. दुसरा ओढ्याकाठचा, पंधरा गुंठे, गाळाची काळी माती. तिसरा म्हणजे शाळेपासून फाट्यापर्यंतच्या रस्त्याच्या दोन्ही कडा, साधारण चारशे मीटर. तुलनेसाठी दीड किलोमीटरवरची एक पडीक पट्टी ठेवली आहे. तिथे भुंगे सोडायचे नाहीत.

मोजणीसाठी अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपची एक मीटर बाय एक मीटर चौकट केली. प्रत्येक तुकड्यात दहा खुंट्या ठोकल्या, दर वीस पावलांना एक. गवत उगवायच्या आधीच ठोकल्या, कारण नंतर चौकट आपोआप दाट गवताकडेच टाकली जाते आणि आकडे फुगतात. दर पंधरा दिवसांनी त्याच खुंट्यांपाशी मोजायचे: लहान रोपे, मोठी झाडे, फुलावर आलेली झाडे, भुंगे आणि अळ्या.

यातला फुलावर आलेल्या झाडांचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. चाळण झालेली पाने चटकन नजरेत भरतात, फोटोही चांगला येतो. पण गाजरगवत जगते ते बियांवर. एक चांगले पोसलेले झाड पंधरा ते पंचवीस हजार बी टाकते. पाने गेली आणि बी मात्र पडले, तर पुढच्या मृगात पुन्हा तेच रान.

१३ जून

मृगाचा दुसरा पाऊस. गायरानावर हिरवी लव आली आहे, त्यातली निम्म्याहून अधिक गाजरगवताची. दोन पानांवरचे रोप ओळखायला जरा नजर लागते. तिसऱ्या-चौथ्या पानापासून कडा कातरलेल्या दिसू लागतात आणि पाने जमिनीला चिकटून गोल घेर धरतात. एका चौकटीत १४० रोपे मोजली, शेजारच्याच चौकटीत ९. बी जिथे पडले तिथेच दाटी होते.

नव्याने कामाला लागलेल्यांसाठी थोडे मागचे. हे गवत पुण्यात १९५५ मध्ये नोंदले गेले आणि तिथून देशभर पसरले. मूळ अमेरिका खंडातले, तिकडचे शत्रू इकडे आले नाहीत. गुरे तोंड लावत नाहीत. चुकून खाल्ले तर दुधाला कडवट वास येतो. झाडावरच्या बारीक लवेतल्या पार्थेनिन नावाच्या रसायनाने कातडीला खाज, पुरळ, पुढे भेगा पडतात. खुरपणीच्या बायांचे हात आणि मानेची कातडी पाहिली की हे काम कशासाठी चालले आहे ते कुणाला सांगावे लागत नाही.

हा भुंगा, झायगोग्रामा बायकलोराटा, मेक्सिकोतून ऑस्ट्रेलियाने १९८० मध्ये नेला. आपल्याकडे १९८३ मध्ये बेंगळुरूला आणला. तो दुसऱ्या पिकांवर जगतो का याच्या चाचण्या झाल्या आणि १९८४ मध्ये तो उघड्यावर सोडला. झाडे उघडी पडू लागायला तिथेही तीन-चार वर्षे लागली. पहिल्या हंगामात गायरान साफ होईल असे कुणी गावात सांगू नये, उद्या तोंडघशी पडायची वेळ येते.

२४ जून

मच्छरदाणीचे दोन सापळे लावले होते. लाकडी चौकटीवर जाळी ताणून जमिनीवर उपडी ठेवायची आणि कडा मातीने दाबायच्या. मागच्या वर्षी तुरळक भुंगे दिसले होते त्या लिंबाखाली एक, गायरानाच्या मधोमध एक. पावसाने माती भिजली की जमिनीत झोपलेले भुंगे वर येतात, ते या जाळीत अडकतात. लिंबाखाली नऊ मिळाले, मधोमध एकही नाही. म्हणजे गावात भुंगा आहे, पण बीजापुरता. बाहेरून आणावा लागणार.

आणायची घाई मात्र करायची नाही. रोपे आता चार-पाच पानांची आहेत, एवढ्याशा पानावर अळी पोसत नाही. आठ-दहा पानांचा घेर झाला पाहिजे. उलट फार थांबलो तर झाड दांडा धरते आणि उगवणीपासून चार-सहा आठवड्यांत फूल दिसते. मधले आठ-दहा दिवस साधायचे आहेत. सारी कसरत या तारखांचीच: गवत पहिल्या पावसाला उगवते, भुंगा जमिनीतून निघून वाढीला लागेपर्यंत ते पुढे निघून गेलेले असते.

जाळीघरही आज उभे केले, शाळेमागे. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद, माणूस उभा राहील इतके उंच. बांबूचा सांगाडा, त्यावर पांढरी नायलॉन मच्छरदाणी. शेडनेट वापरू नये, त्याच्या भोकांतून लहान अळी सहज निसटते आणि सावलीत झाडे लुकडी होतात. आत माती आणि बारीक मुरूम निम्मे निम्मे मिसळून एक वीतभर थर दिला. अळी कोषात जाण्यासाठी मातीत शिरते, त्यामुळे खालची जमीन धुमसून घट्ट केलेली असून चालत नाही. गायरानातली साठ रोपे मुळासकट उचलून आत लावली. जाळीच्या चारी बाजूंनी राखेचा पट्टा ओढला, मुंग्यांसाठी.

३ जुलै

पंचवीस किलोमीटरवरच्या गावातून भुंगे गोळा केले. तिथे चार-पाच वर्षांपासून मोठी वस्ती आहे. चौघेजण, सकाळी साडेसहा ते साडेनऊ, दोन दिवस. सकाळी दव असताना भुंगा सुस्त असतो. ऊन चढले की हात पुढे येताच टपकन खाली पडतो, मग गवतात शोधत बसा.

भुंगा असा ओळखायचा: लांबी पाच-सहा मिलिमीटर, डोके आणि मानेचा भाग तपकिरी, पाठ मळकट पांढरी आणि तिच्यावर गडद तपकिरी उभ्या वेड्यावाकड्या रेघा. ठिपके नव्हेत, रेघा. वांग्या-बटाट्यावरचा ठिपक्यांचा लालसर भुंगा हा नाही, ढालकिडाही नाही. जोड्या जमलेल्या दिसल्या तर जोडीच उचलायची. अंड्यांनी भरलेली मादी फुगीर दिसते, पोट पंखांच्या कडेबाहेर येते.

वाहतुकीसाठी पाच लिटरच्या प्लास्टिकच्या बरण्या, झाकणाला तापलेल्या दाभणाने तीस-चाळीस भोके. तळाला वर्तमानपत्राची चुरगळलेली घडी, वर गाजरगवताचे कोवळे शेंडे. एका बरणीत दोनशेच्या वर भरू नये.

पहिल्या दिवशी चूक झाली. शेंडे दवाने ओले असतानाच बरणीत घातले. दोन तासांत आत घाम सुटला, भुंगे काचेसारख्या ओल्या भिंतीला चिकटून उताणे झाले. दोन बरण्यांत मिळून १३० मेले. दुसऱ्या दिवशी शेंडे फडक्याने पुसून, दहा मिनिटे सावलीत वाळवून घातले आणि बरण्या ओल्या गोणपाटाखाली ठेवल्या. पाच-सहाच मेले. गाडीच्या बंद डिकीत बरण्या ठेवायच्या नाहीत.

हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि नाकाला फडके सक्तीचे. एकाच्या मनगटावर संध्याकाळी पुरळ उठले, मोजा आणि बाहीच्या मध्ये बोटभर कातडी उघडी राहिली होती.

४ जुलै

एकूण १४८० जिवंत. गायरानात हजार, ओढ्याकाठी तीनशे, रस्त्याकडेला शंभर, उरलेले ऐंशी जाळीघरात.

सर्वसाधारण शिफारस हेक्टरी ५०० ते १००० भुंग्यांची आहे. ती वाचून लोक मूठमूठ सगळीकडे शिंपडतात, तिथेच काम बिघडते. भुंगे विखुरले की नराला मादी सापडत नाही आणि उगवत्या गवताच्या लोंढ्यात चार अंडी कुठल्या कुठे जातात. गायरानात दोनच जागा निवडल्या, प्रत्येक ठिकाणी पाचशे. दोन्ही उंचवट्यावर, पाणी साचत नाही अशा, गुरांच्या वाटेपासून दूर, गवताचा घेर हातभर झालेला. मुंग्यांचे वारूळ दहा पावलांत नाही हे पाहून घेतले.

वेळ संध्याकाळी साडेपाचनंतरची. बरणी झाडाच्या बुडाशी आडवी ठेवून झाकण काढायचे आणि निघून जायचे. हलवून, आपटून बाहेर काढू नये. सकाळी रिकामी बरणी उचलायची. दोन्ही जागांवर पाटी लावली: “गाजरगवत खाणारे भुंगे सोडले आहेत. फवारू नका, उपटू नका.”

मेंढरे घेऊन आलेल्या मामांनी पाटी वाचून विचारले, “दादा, उद्या बाजरीवर बसंल का ह्यो किडा?”

“नाही मामा. बाजरीत सोडला तरी उपाशी मरेल, पण बाजरी खायचा नाही.”

“मग गवत संपल्यावर काय खाईल?”

“तोवर जमिनीत जाऊन झोपेल, पुढच्या पावसापर्यंत.”

मामांनी विचारले तो प्रश्न अगदी योग्य आहे आणि तो प्रत्येक गावात विचारला जातो. उत्तर पाटीवरच लिहायला हवे होते. दुसरी पाटी करायला दिली.

९ जुलै

अंडी दिसली. पान उलटून बघायचे: खालच्या बाजूला, शिरेच्या कडेला, फिकट पिवळी, लांबट, कुठे एकेक तर कुठे पाच-सहाचा झुपका. साध्या डोळ्याला परागासारखी वाटतात, दहा पटीच्या भिंगाखाली उभी चिकटवलेली स्पष्ट दिसतात. चार ते सात दिवसांत उबतात.

एक मादी आयुष्यात हजारावर अंडी घालते. पण एकदम नाही, कित्येक आठवडे रोज थोडी थोडी घालते. म्हणून पहिल्या दहा दिवसांत अंडी कमी दिसली तर घाबरून आणखी भुंगे आणायला धावू नये.

१५ जुलै

अळ्या निघाल्या, आणि नवख्या डोळ्यांना त्या दिसत नाहीत. दोघांनी “अळी शून्य” लिहून आणली होती. नुकतीच निघालेली अळी पानावर राहत नाही, शेंड्याच्या मिटलेल्या कोंबात आणि पानाच्या बगलेतल्या डोळ्यात घुसते. शेंडा दोन बोटांत धरून अलगद उलगडला तर आत मोहरीपेक्षाही लहान, पिवळसर, वळवळणारे तीन जीव. भोवती काळपट ओली विष्ठा. हा शेंडा आता फूल धरणार नाही.

भुंग्याचे खरे काम इथे आहे. मोठी अळी आणि भुंगा पाने खातात ते सगळ्यांना दिसते, पण फुलाचा डोळा मारते ती ही पहिल्या चार-पाच दिवसांची अळी. यापुढे प्रत्येक खुंटीपाशी दहा शेंडे उलगडून बघायचे आणि वेगळ्या रकान्यात लिहायचे.

रस्त्याकडेचा तुकडा मात्र गेला. शाळेकडच्या निम्म्या पट्ट्यावर कुणीतरी तणनाशक मारले, झाडे दोन दिवसांत माना टाकून पिवळी पडली. तणनाशकाने अळी थेट मरतेच असे नाही, पण चालत दुसऱ्या झाडावर जाण्याइतकी ताकद तिला नसते, ती जागेवर उपाशी मरते. जाळीघरातून वीस जोड्या फाट्याकडच्या उरलेल्या पट्ट्यात हलवल्या. रस्त्याच्या कडा कुणा एकाच्या मालकीच्या नसतात, तिथे चार जण चार बाजूंनी येऊन फवारतात. पुढच्या वर्षी रस्त्याकडेला भुंगे सोडायचे नाहीत, तिथे फुलाआधी उपटणेच बरे.

२२ जुलै

जाळीघरात अन्न संपले. साठ झाडांवर अळ्या एवढ्या झाल्या की दांडे उभे, पाने नाहीत. अळ्या जाळीवर चढून फिरत आहेत. गायरानातून ताजे शेंडे कापून, पाणी भरलेल्या बाटल्यांत तोंडाला कापूस लावून उभे केले. कापूस नसला की अळ्या सरळ पाण्यात उतरून बुडतात. रोज सकाळी दहा-बारा बाटल्या बदलाव्या लागत आहेत.

चूक हिशेबाची होती. साठ झाडांना पंधरा जोड्या पुरे होत्या. जास्त सोडल्या की अळ्या अर्धपोटी कोषात जातात, निघणारे भुंगे लहान आणि अंडी कमी. पुढच्या वेळी झाडे दोन हप्त्यांत लावायची: अर्धी आज, अर्धी पंधरा दिवसांनी.

पूर्ण वाढलेली अळी मळकट पांढरी, गुबगुबीत होते. खाणे थांबवते, रंग जरा पिवळट होतो आणि दांड्यावरून खाली उतरते. मातीत बोटभर ते वीतभर खोल जाते, तिथे गोल खोली करून कोषात जाते. अळीपण दहा ते पंधरा दिवसांचे, कोष साधारण नऊ-दहा दिवसांचा. अंड्यापासून भुंग्यापर्यंत सारे महिन्याभरात उरकते.

२८ जुलै

काल रात्री ओढ्याला पूर. ओढ्याकाठच्या तुकड्यावर गुडघाभर पाणी पाच-सहा तास राहिले. आज ओसरल्यावर पाच ठिकाणी एक फूट लांब, एक फूट रुंद, वीतभर खोल माती काढून चाळली. अकरा कोष मिळाले, आठ मऊ आणि काळे पडलेले. काळ्या गाळात वरून चिखलाची पापडीही बसली आहे. उरलेले भुंगे ती फोडून वर येतील की नाही याची शंका आहे. दोन ठिकाणी खुरप्याने वरची पापडी अलगद मोडून ठेवली.

गायरानाच्या मुरमाड उंचवट्यावर तेवढ्याच मातीत एकोणीस कोष, सगळे टणक, पांढरट. जागा निवडताना झाडाकडे जितके बघतो तितकेच जमिनीकडे बघायला हवे. भुंग्याच्या आयुष्याचा निम्म्याहून अधिक काळ मातीतच जातो.

७ ऑगस्ट

दुसऱ्या पिढीचे भुंगे वर आले, अंदाजाच्या दोन-तीन दिवस पुढे-मागे. गायरानातल्या दोन्ही जागांभोवती दहा-बारा पावलांच्या वर्तुळात प्रत्येक झाडावर चार-पाच. त्याबाहेर एकदम शून्य. भुंगा समोरचे संपल्याशिवाय हलत नाही.

पण जूनच्या पहिल्या उगवणीतली झाडे आता कमरेएवढी असून पांढऱ्या फुलांनी भरली आहेत. आजच्या मोजणीत मोठ्या झाडांपैकी निम्म्याहून अधिक फुलावर. भुंगे सोडलेल्या वर्तुळात तेच प्रमाण दहातल्या दोनावर आहे, म्हणजे उपयोग होतो आहे. पण दोन वर्तुळे मिळून तीन गुंठेही होत नाहीत, आणि गायरान शंभर गुंठ्यांचे आहे.

एका शेतकऱ्याने बांधावरच्या घाणेरीवर हेच भुंगे सोडले होते, “चार दिवसांत एकही दिसेना” म्हणून विचारायला आले. घाणेरीवर हा भुंगा जगत नाही. तिच्यासाठी पान पोखरणारे वेगळे भुंगे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला देशात आणले होते. ते काही भागांत टिकले, पण घाणेरीला आवर घालण्याइतके वाढले नाहीत. एका झाडावरच जगणारा किडा हीच या पद्धतीची सुरक्षितता आहे. प्रत्येक तणाला स्वतंत्र शत्रू शोधावा लागतो, आणि सापडलेला प्रत्येक शत्रू पुरा पडतोच असे नाही.

१६ ऑगस्ट

आजपासून २२ तारखेपर्यंत गाजरगवत जागरूकता सप्ताह. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने देशभर होतो. शाळा आणि ग्रामपंचायत मिळून उपटणीची मोहीम निघणार आहे. सरसकट उपटले तर आपल्या अळ्या उकिरड्यावर जातील, आणि उपटणी थांबवली तर बी पडेल.

ठरले ते असे. भुंग्यांच्या दोन वर्तुळांभोवती चुन्याची रेघ मारली, आत कुणी हात लावायचा नाही. रेघेबाहेर फुलावर आलेले प्रत्येक झाड उपटायचे, दांडा न धरलेले घेर तसेच ठेवायचे. ते भुंग्यांचे पुढचे अन्न. पाऊस पडून गेल्यावर वाफशावर उपटले तर मूळ सबंध येते. कोरड्यात ओढले तर बुडखा तुटतो आणि तिथून चार फांद्या फुटतात, एकाच्या जागी चार शेंडे फुलतात. मुलांना या कामाला लावायचे नाही, हे शाळेला आधीच सांगितले होते. मोठ्या माणसांना हातमोजे दिले.

फूल न आलेल्या झाडांचे कंपोस्ट चांगले होते: एक थर गवत, एक थर शेण आणि माती, वर चिखलाचा लेप. फुले-बी आलेली झाडे खड्ड्यात घालू नयेत, कमी तापलेल्या ढिगात बी मरत नाही आणि शेणखताबरोबर थेट शेतात जाते. ती वेगळी वाळवून जाळली.

२६ ऑगस्ट

मघा नक्षत्राचा पाऊस उघडला आणि दोन दिवस ऊन पडले. वरचे वर्तुळ पार उघडे झाले आहे. कमरेएवढे दांडे काळपट, पानाच्या जागी फक्त मधली शीर, तिच्यावरही अळ्या दाटीने. जवळ बसून कान दिला तर बारीक कुरतडण्याचा आवाज येतो. दांड्याची हिरवी साल खरवडली गेली आहे. शेंडे वाळून आत वळले आहेत, एकाही शेंड्यावर नवे फूल नाही. खाली जमिनीवर विष्ठेचा चहाच्या चोथ्यासारखा थर. वर्तुळाच्या कडेला हिरवी भिंत आहे तिथे भुंगे ओळीने सरकत आहेत. पंधरा दिवसांत सात-आठ पावले पुढे गेले.

खालच्या वर्तुळात अळ्या कमी. दोन ठिकाणी ढालीसारख्या पाठीचा तपकिरी भक्षक ढेकूण अळीत सोंड खुपसून बसलेला दिसला, अळी रिकाम्या पिशवीसारखी लोंबत होती. काळ्या मुंग्याही अळ्या ओढून नेत आहेत. यावर फवारणीचा उपाय सुचवला गेला, तो साफ नाकारला. कीटकनाशक पहिला घात भुंग्याचाच करेल. जाळीघरातले १८० भुंगे आणून टाकले, तूट भरून काढायचा तेवढाच मार्ग.

८ सप्टेंबर

शेजारच्या सूर्यफुलाच्या पानांवर भुंगे बसले, बारीक भोके पडली. शेतमालक साहजिकच चिंतेत. सकाळी पूर्ण शेत फिरून पाहिले: गायरानाला लागून असलेल्या तीन ओळींत झाडामागे एक-दोन भुंगे, आत काही नाही. अंडी नाहीत, अळी नाही.

हा प्रश्न जुना आहे. कर्नाटकात सूर्यफुलावर हे भुंगे दिसल्यावर १९९० च्या दशकात मोठा वाद झाला, भुंगे सोडणे थांबले, सरकारने समिती नेमली. बेंगळुरूच्या अभ्यासात असे दिसले की सूर्यफुलाच्या पानावर गाजरगवताचा पराग पडलेला असला की त्याच्या ओढीने भुंगा पान कुरतडतो. सूर्यफुलावर त्याची वस्ती टिकत नाही. म्हणून उपाय सूर्यफुलावर करायचा नाही, बांधालगतच्या फुललेल्या गाजरगवतावर करायचा. आजच चौघांनी सूर्यफुलाच्या बाजूचा पाच मीटरचा पट्टा उपटून काढला. शेतमालकाला चार दिवसांनी पुन्हा येऊन दाखवायचे कबूल केले आहे. हे कबूल केलेले पाळणे भुंगे मोजण्याइतकेच गरजेचे आहे. एका शेतकऱ्याचा विश्वास गेला तर तो फवारणार, आणि ते रास्तच ठरेल.

तुलनेच्या पडीक पट्टीत सात भुंगे मिळाले. उडत आले की तिथलेच होते, सांगता येत नाही. यापुढे त्या पट्टीचे आकडे “भुंगे नसलेले” म्हणून वापरायचे नाहीत.

१२ सप्टेंबर

सूर्यफुलाच्या तीन ओळी पुन्हा तपासल्या. दोनच भुंगे, नवी भोके नाहीत. शेतमालक बरोबर होते.

२१ सप्टेंबर

उत्तरा नक्षत्राचा पाऊस. उघड्या झालेल्या वर्तुळात गाजरगवताची नवी रोपे टचाटच उगवली आहेत, एका चौकटीत दोनशेवर. वरचे छत गेले, जमिनीवर ऊन पोहोचले, पडून असलेले बी जागे झाले. ही उगवण होणार हे धरून चालायलाच हवे होते. भुंगा जागा मोकळी करतो, पण ती धरून ठेवत नाही. मोकळ्या जागेत आपल्याला हवे ते उगवले नाही तर गाजरगवतच उगवणार.

गायरानाच्या पूर्व कोपऱ्यात टाकळा दाट आहे. तिथल्या दोन खुंट्यांपाशी जूनपासून गाजरगवताची रोपे कधीच दहाच्या वर गेली नाहीत. पहिल्या पावसाला टाकळाही त्याच झपाट्याने उगवतो आणि रुंद पानांनी सावली धरतो. कोवळी भाजीही होते. शेंगा पिकल्या की बी गोळा करायचे.

६ ऑक्टोबर

भुंगे कमी होत आहेत. मेलेले फारसे सापडत नाहीत, ते मातीत जात आहेत. ही झोप एकदम सुरू होत नाही. काही भुंगे जुलै-ऑगस्टमध्येच जमिनीत गेलेले असतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरात बहुतेक सगळे जातात. पुढचा पाऊस माती भिजवीपर्यंत ते आत न खाता पडून राहतात.

दोन्ही वर्तुळांना दगडांची कड केली आणि ग्रामपंचायतीच्या नकाशावर खूण केली. गायरानात चर खोदायचे काम उन्हाळ्यात निघणार आहे, ते या जागा सोडून व्हावे असे लेखी दिले. एका नांगरटीत हंगामभराची कमाई उन्हात उताणी पडेल. इथे होळीसाठी पालापाचोळा पेटवायचा नाही, हेही त्यात लिहिले.

२५ ऑक्टोबर

टाकळ्याच्या शेंगा तपकिरी झाल्या, पण तडकल्या नाहीत. सकाळी ओलसर असताना कापल्या, ताडपत्रीवर वाळवून काठीने झोडल्या. पाखडून साडेनऊ किलो बी मिळाले. पाच किलो वरच्या उघड्या वर्तुळासाठी आणि त्याभोवतीच्या अर्ध्या एकरासाठी, बाकी ओढ्याकाठी. साल कठीण असते. पेरायच्या आधी जाड वाळूबरोबर गोणीत घालून पायाने चांगले रगडायचे, म्हणजे पहिल्याच पावसाला एकदम उगवते. मागे-पुढे उगवले तर गाजरगवत पुढे निघून जाते. फेकायची वेळ मे अखेर. कोरड्या कापडी पिशव्यांत, लिंबाचा पाला घालून, शाळेच्या खोलीत ठेवले.

१४ नोव्हेंबर

हंगामाची शेवटची मोजणी. वरच्या वर्तुळातल्या तीन खुंट्यांपाशी मोठी झाडे मिळून बावीस, त्यांपैकी बी धरलेली चार. भुंगे न पोहोचलेल्या पश्चिम बाजूच्या तीन खुंट्यांपाशी अठ्ठेचाळीस, बी धरलेली चाळीस. तीन-तीन चौकटींच्या बळावर गायरानाबद्दल मोठे विधान करता येत नाही, पण कुठल्या बाजूने काम वाढवायचे ते यातून कळते. ओढ्याकाठी सांगण्यासारखा फरक नाही. तिथला पुढचा प्रयत्न पुराच्या रेषेच्या वर, बाभळींच्या बाजूला करायचा.

दोन सापळे-चौकटींखालची माती चाळली. वरच्या वर्तुळात एका चौरस फुटात सहा भुंगे, पाय आखडून, माती लागलेले. तळहातावर घेऊन श्वासाची ऊब दिली तर एकाने हळूच मिशी हलवली. सगळे होते त्या खोलीवर परत पुरले, वर वाळले गवत पसरले.

कालव्याच्या पाण्याने भिजणाऱ्या चारीच्या कडेला आज नवी उगवण दिसली, दोनशे मीटर, दोन-चार पानांवर. भुंगे जमिनीत गेले आहेत, हे गवत त्यांच्याकडून होणार नाही. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, दांडा धरायच्या आत, हाताने उपटायचे. सहा माणसे, दोन सकाळी, बारा जोड हातमोजे लागतील. जुने चार जोड फाटले आहेत.